देवतळे सरांची भाजलेली जीभ

देवतळे सरांना मी प्रथम पाहिलं तेव्हा ते दगड चाटत होते. नागपूरच्या आमच्या कॉलेजात भूशास्त्राचं पहिलं प्रात्यक्षिक होतं. खिडकीपाशी पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ काळ्या दगडावरून मनापासून जीभ फिरवत होते. मला वाटलं, बिचाऱ्यांचा डबा आला नसावा. सर म्हणाले, "दगड ओला झाला की त्यातली खनिजं स्पष्ट दिसतात. दर वेळी पाणी कुठून आणायचं?" सरांच्या पंचाहत्तरीनिमित्तच्या या ग्रंथात त्यांच्या विद्वत्तेवर इतरांनी लिहिलं आहेच. मी त्यांच्या जिभेवर लिहिणार आहे.

सर ज्वालामुखी शिकवत तो स्वयंपाकघरातून. लाव्हात सिलिका, म्हणजे वाळूतलं मुख्य द्रव्य, कमी असेल तर तो कढीसारखा पातळ, मुकाट्यानं पसरणारा. जास्त असेल तर पिठल्यासारखा घट्ट. मग वाफ आत कोंडते आणि डोंगराचं टोक उडतं. रस्त्याकडेला खडीचा ढीग दिसला की सरांची स्कूटर थांबलीच. बुटीबोरीला एका चौकीदारानं त्यांना खडी चोरताना पकडलं. सर लगेच सुटले, चौकीदार मात्र तासाभरानं. खडीतलं फेल्डस्पार हे खनिज समजावल्याशिवाय सरांनी त्याला सोडलं नाही.

माझ्याकडे भिंग नव्हतं, तर त्यांनी स्वतःचं दिलं. "माझे डोळे चांगले आहेत," म्हणाले, आणि वर्षभर दगड नाकाला लावून बघत राहिले.

तिसऱ्या वर्षाच्या तोंडावर बाबांनी माझं कॉलेज बंद केलं. नरखेड तालुक्यात आमची संत्र्याची बाग. "पोरीच्या जातीनं दगडं काहून फोडाची?" हा बाबांचा सवाल, आणि त्यांचा नकार म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मी दोन दिवस जेवले नाही. सरांना कळलं तसे ते एसटीनं आमच्या घरी आले. बाबांना काय सांगायचं ते कागदावर लिहूनच आणलं होतं.

पण अंगणात नव्या विहिरीतून निघालेल्या दगडांचा ढीग होता. सरांचे पाय आधी तिकडे वळले. काळ्या दगडांच्या पोकळ्यांत झिओलाइट या खनिजाचे पांढरे स्फटिक चमकत होते, आणि शेजारीच एक मोठा पांढरा खडा. "झिओलाइट!" म्हणत सरांनी तो उचलून जिभेला लावला. संत्र्याच्या खोडांना लावायला बाबांनी आणलेल्या चुन्याची ती कळी होती.

सर जागच्या जागी नाचले. आईनं पाण्याच्या घागरी रिकाम्या केल्या, मग जिभेवर तूप घातलं. बाबा म्हणाले, "काय वं, हेच का तुहे मास्तर? दगडं खाऊन राहिले!" सरांच्या तोंडून "आ... आ..." पलीकडे काही निघेना. कागद भिजून लगदा झाला होता. शेवटी त्यांनी एक काळा दगड माझ्या हातात ठेवला आणि बाबांकडे बोट दाखवलं.

बाबांसमोर मी तोवर कधी तोंड उघडलं नव्हतं. उघडलं. "बाबा, पिठलं घट्ट झालं का फटफट उडते, हात भाजते. जाडा लाव्हा तसाच फुटते."

"मंग आपल्या इथं काहून नाही फुटला?"

"आपला कढीवानी पातळ होता. भेगांतून निंगाला अन् पसरत गेला. वाफेचे बुडबुडे होते, त्याचे हे भोकं. मागून पाणी झिरपलं अन् त्यात हे पांढरे खडे तयार झाले."

बाबा बराच वेळ दगड हातात फिरवत राहिले. "जनम गेला या दगडाले शिव्या देण्यात. कोनी सांगतलंच नाही." मग सरांकडे बघून म्हणाले, "मास्तर तं काईच नाही बोलले. तुलेच येते सारं. जाय मंग, शिक."

मला रडू आलं. सरांच्याही डोळ्यांत पाणी होतं. ते चुन्यामुळे, असं ते आजही सांगतात. मला बोलतं करायला मुद्दाम चाटलात का, असं मी एकदा विचारलं. "छे गं, निव्वळ वेंधळेपणा!" म्हणाले. असा सरळ माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पुढे मी त्याच विभागात शिकवू लागले. माझ्या पहिल्या तासाला बाबा गावाहून आले आणि मागच्या बाकावर निवृत्त देवतळे सरांशेजारी बसले. तास संपता संपता बाबा मोठ्यानं म्हणाले, "मास्तर, आता तरी तुमी बोला ना दोन शब्द."

सर बाबांच्याच बोलीत म्हणाले, "पोरगी बोलून राहिली ना जी. आपण ऐकू."

सर, तुम्हाला निरोगी, उदंड आयुष्य लाभो. मागच्या बाकावरची ती जागा तुमचीच आहे. येत राहा, ऐकत राहा, आणि मी चुकले तर भर वर्गात सांगा.