परसातला ताग

पोट्टी दिसेना. आत्ता तं नळाजवळ डबा वाजवून राहिली होती, मी चादर झटकून वळली, तं डबा आहे अन् पोट्टी नाही. फाटकाले कडी. मंग गेली कुठं? तागात! माह्या डोक्याइतका वाढला होता तो, सळसळे तं वारा आहे का पोट्टी, समजेच ना. नवरा उरल्याच्या कारखान्यात ड्युटीवर.

हाक मारायची सोय नव्हती. गच्चीवर घरमालक एका साहेबाले वरची खोली दाखवून राहिला होता. रायपूर राजधानी झाल्यापासून हा माणूस भाडेकरू नाही, साहेबच शोधे. मले सांगूनच ठेवलं होतं त्यानं, "बहू, इस जंगल में बच्ची को कुछ हुआ, तो उसी दिन घास मारने की दवा डलवा दूँगा."

जंगल म्हणे! घर बांधताना सारा मुरूम-गिट्टी यानंच परसात लोटली. पुढं लॉन अंथरलं, तेही पिवळं पडलं. तरी अकड पाहा. माह्या मायनं गावाहून तागाचं बी देल्लं होतं. म्हणे, फुलावर आला का काप, मातीत गाड, सडू दे, मंग वांगे लाव. हे मालकाले सांगितलं तं फिदीफिदी हसला. "बोओगी, काटोगी, सड़ाओगी, तो खाओगी कब?" असल्या डोक्यात काय घालावं?

तं मी ओणवी होऊन तागात शिरली. हळूच, "बाबू, ए बाबू." नुसती सळसळ. साप आठवला. मंग काहीच सुचेना, ताग आडवा करत, तुडवत धावली, अन् बोंबललीच.

भिंतीजवळ बसली होती. तोंड मातीनं भरलेलं. मुरमावर पानं सडून झालेली काळी, ओली माती! त्याच्या लॉनवर तोंड मारलं असतं तं दात पडले असते.

"देखा? मैंने कहा था न!" गच्चीवरून. साहेबासमोर किती आनंद झाला मेल्याले. "कल ही दवावाला बुलाता हूँ."

उद्याची वाट कोण पाह्यते? पोट्टीले खाटेच्या पायाले ओढणीनं बांधलं अन् अंधार पडेपर्यंत सारा ताग कापला, तुडवला, फावड्यानं मातीत दाबला. फुलं यायचीच होती, कोवळाच गेला. सकाळी दवावाला पाठीवर पंप घेऊन उभा. "भैया, मारूँ किसको?" मालक मले पाहे. मी म्हटलं, "सामने लॉन है न थोड़ी, उसको मारो."

वांगे झाले, चांगले झाले. पण दबक्या आवाजानं शोधलं, तेवढा वेळ अजूनही छातीत धडधडते. तुम्हीच सांगा, पोट्टी आत, अन् तो वर दात काढून उभा. तुम्ही असत्या तं हाक कधी मारली असती?