नुसत्या पाण्यातला उजेड

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी मी एक रेणू बनवलेला. कॉलेज ठाण्यात होतं, मी डोंबिवलीहून जायचे. रेणूचं काम सांगायला सोपं होतं. द्रावणात आम्ल आणि सोडियम दोन्ही असतील तरच त्याने निळं चमकायचं. एकच असेल तर अंधार, काहीच नसेल तरीही अंधार. कॉम्प्युटरची चिप 'हेही आणि तेही' असं तपासते, तेच एका रेणूकडून करून घ्यायचं. आई शेजारणींना सांगायची, "हिचं औषध स्वतः विचार करतं."

ते औषध माझं ऐकत मात्र नव्हतं. काहीच न घालता चमकायचं. शेवटी मी रेणूही वगळला. काचेच्या चौकोनी नळीत नुसतं शुद्ध पाणी भरलं, चमक मोजायच्या यंत्रात ठेवलं. तरी निळा उजेड.

म्हणजे नळीच अस्वच्छ. आमची भांडी धुवायला कल्याणहून एक मावशी यायच्या. कपड्यांच्या पावडरीत चमकणारी रसायनं असतात, म्हणून आमच्या काचेला ती लावायची नाही असा नियम होता. सगळ्यांसमोर मी त्यांना म्हटलं, "मावशी, किती वेळा सांगायचं, पावडर वापरायची नाही म्हणून?"

"ताई, तुमच्या काचेला मी पावडर लावतच नाही."

"मग काय जादूने चमकतंय?"

दोघं-तिघं हसले. माझे मार्गदर्शक सर दारातच उभे होते. मावशींनी त्या दुपारी डबा उघडला नाही. सगळी भांडी पुन्हा उकळत्या पाण्यातून काढली. दुसऱ्या दिवसापासून त्या मला 'मॅडम' म्हणायला लागल्या. उजेड तसाच राहिला. पंधरवड्याने सरांनी त्यांना लायब्ररीत झाडलोटीला पाठवलं.

त्यानंतर महिनाभराने मी अंधाऱ्या खोलीत जांभळ्या दिव्याखाली बाटल्या तपासत होते. घाम पुसायला खिशातून रुमाल काढला आणि तो हातात ट्यूबलाइटसारखा पेटला. नळ्या पुसायचा खास कागद संपला की मी याच रुमालाने पुसायचे. तो आईने घरी धुतलेला असायचा, पांढराशुभ्र, आमच्या घरच्या पावडरीत.

मी त्याचं एक टोक शुद्ध पाण्यात बुडवलं आणि ते पाणी नळीत भरलं. तोच निळा उजेड.

तेव्हाच लायब्ररीत जायला हवं होतं. जिना तर उतरायचा होता. मी रुमाल पिशवीत कोंबला, नवा कागद मागवला आणि प्रयोग पुन्हा केले. रेणू शहाण्यासारखा वागला. अहवालात मी लिहिलं, "भांड्यांतील अशुद्धी दूर केल्यावर अपेक्षित परिणाम मिळाले." वाक्यात खोटं काही नव्हतं. पण ते वाचून सर म्हणाले, "बघ, माणूस बदलल्यावर फरक पडला." मी मान डोलावली. त्या मान डोलावण्याची मला आजही त्या ओरडण्यापेक्षा जास्त लाज वाटते.

शोधनिबंध स्वीकारला गेला त्या दिवशी मी पेढे वाटले. लायब्ररीतही गेले. मावशींनी पेढा घेतला, पदराच्या टोकाला बांधला. तेव्हा कुठे माझ्या तोंडून निघालं, "मावशी, चूक माझी होती. माझ्या रुमालाची पावडर होती ती."

त्यांनी विचारलं, "सरांना सांगितलंत?"

मी नाही म्हटलं.

"मग मला सांगून काय उपयोग, मॅडम? मला तर माहीतच होतं, मी पावडर लावली नव्हती."

दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं. ते स्वतः खाली जाऊन मावशींना परत यायला सांगून आले. त्या आल्या नाहीत. इथली पुस्तकं पुसायला बरी वाटतात, म्हणाल्या.

मी त्याच कॉलेजात शिकवते आता. मावशी निवृत्त होईपर्यंत, लायब्ररीचं पुस्तक हवं असलं की मी विद्यार्थ्याला पाठवायचे.