हो, बाटले!

कुसुम गेल्याची बातमी शाळेत आली तेव्हा मधली सुट्टी होती आणि माझ्या हातात पहिला घास होता. तिचा धाकटा भाऊ दारात उभा राहून “ताई पहाटे...” एवढंच म्हणाला. त्याला आता महिना झाला. मग शोकसभा झाली आणि तिथे तिघांनी तिला ‘सोशिक’ म्हटलं. सोशिक! ‘कधी कुणाला उलट बोलल्या नाहीत’ असंही कुणीसं सांगितलं. मी मान खाली घालून ऐकून घेतलं आणि घरी येऊन चिडून लिहायला बसले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं हे ठीक, पण निदान त्याच माणसाबद्दल बोलावं.

अंधेरीच्या या मुलींच्या शाळेत आम्ही दोघी एकदमच लागलो, मी मराठीला, ती गणिताला. दोघी पार्ल्याच्या, डबेही पार्ल्याचेच: पोळीभाजी, फार तर डाळिंब्यांची उसळ. शिक्षिकांच्या खोलीत आम्ही लांब टेबलाशी जेवायचो आणि शिवण शिकवणारी रेझिना खिडकीशी, वेगळ्या स्टुलावर. तसं कुणी सांगितलेलं नव्हतं. सांगावं लागतच नव्हतं. रेझिना मरोळच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती वस्तीतली, बोलायची मराठीच, आमच्यापेक्षा जरा ठसक्यात. एके दिवशी कुसुम डबा उचलून सरळ तिच्यापाशी गेली. “काय आणलंस गं? या वासानं माझी पोळी घशाखाली उतरेना.” डब्यात साधे बटाटे होते, पण लालभडक. “बाटलीचा मसालाय,” रेझिना म्हणाली. उन्हाळ्यात मिरच्या आणि वीस-पंचवीस जिनसा भाजून कुटायच्या आणि बियरच्या रिकाम्या बाटल्यांत ठासून भरायच्या, म्हणून हे नाव. कुसुमने खाल्लं, मला हाक मारली, मीही खाल्लं. डोळ्यांतून पाणी आलं, तरी पुन्हा मागितलं.

मग “आज बाटलीतलं काय?” हे रोजचंच झालं. दिवस कडक दारूबंदीचे. कुणीतरी अर्धवट ऐकलं आणि मोठ्या बाईंच्या कानावर घातलं, की मधल्या सुट्टीत खिडकीशी बाटली चालते! बाईंनी आम्हा तिघींना बोलावलं. कुसुमची आणि माझी नोकरी अजून कायम व्हायची होती, याची आठवण त्यांनी आधीच करून दिली. कुसुमने मसाल्याची बाटली सोबतच आणली होती. ती टेबलावर ठेवून, बूच काढून म्हणाली, “हुंगून बघा, बाई.” बाई सलग तीनदा शिंकल्या. डोळे पुसत म्हणाल्या, “दारू नाही, हे बरं झालं. पण म्हणजे ख्रिस्त्यांच्या घरचं खाता? मग तुम्ही बाटलातच की!”

“हो, बाटले,” कुसुम म्हणाली. “चव आवडली, बाटले. उद्या पुन्हा बाटणार आहे.”

बाई माझ्याकडे वळल्या. “आणि तुम्ही?”

रेझिना माझ्या शेजारीच उभी होती. मी म्हटलं, “मी... मी नुसती बसले होते.”

जूनमध्ये मी कायम झाले. कुसुमला आणखी दोन वर्षं लागली. तिला आणि रेझिनाला मागच्या व्हरांड्यात जेवायला सांगण्यात आलं, तर ही म्हणते, “उत्तम! तिथं वारा येतो.” आठवड्याभरात आमच्या टेबलावरच्या मंजुळाबेन थेपले आणि कैरीचा छुंदा घेऊन तिकडे गेल्या. मला जायला दिवाळी उजाडली. मी डबा घेऊन दारात घुटमळत होते, तर कुसुम म्हणाली, “सरक गं रेझिना, हिला जागा दे. उशिरा आलीस बाई, बटाटे संपले.” बस्, एवढंच. पुढे इतकी वर्षं तिने तो विषय काढला नाही. काढायला हवा होता. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं.

आता त्या व्हरांड्यात आम्ही सातजणी बसतो. माशाच्या कालवणाशेजारी शिकरण असते आणि कुणी नाक मुरडत नाही. ही काही सोशिक बाईची करणी नव्हे. मोठ्या बाई आता निवृत्त झाल्या आहेत, पण वर्तमानपत्राची ही पुरवणी न चुकता वाचतात असं ऐकते. तर बाई, त्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोलले. मी नुसती बसले नव्हते. मीही खाल्लं होतं, आणि दुसऱ्यांदा मागून घेतलं होतं.