चुन्याची रेघ

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळही नाही. आता सांगायला बसलोय तर स्वतःचीच चीड येतेय — कारण गोष्ट एवढीशी आहे. दीड पावलाची.

मोठमोठ्या सिनेमांचा कॅमेरामन म्हणून माझं नाव आहे. पण कॅमेरा धरायला शिकवलं ते अमरावतीच्या सुधाकरभाऊंनी, त्यांच्या फोटो स्टुडिओत. पुढे मी त्यांनाच फोकस पुलर म्हणून सोबत घेतलं. कॅमेऱ्यापासून नटापर्यंतचं अंतर टेपने मोजायचं आणि त्या मापाने चित्र स्पष्ट ठेवायचं, हे त्यांचं काम. मी कुठवर पुढे यायचं, तिथे खूण हवी; काळ्या मातीत खडू दिसत नाही, म्हणून ते चुन्याची रेघ मारायचे. "या रेघेच्या पुढं पाय नको टाकजो, बाबू," एवढंच सांगायचे.

मूर्तिजापूरजवळ आम्ही कापसाच्या जिनिंगचा भलामोठा सेट उभारला होता. तो एकदाच जळणार होता. कॅमेरा माझ्या खांद्यावर. आग भडकली, नटीचा चेहरा उजळला आणि मला — काय सांगू? — हाव सुटली. मी रेघ ओलांडून दीड पाऊल पुढे गेलो. चेहरा धूसर झाला. ते लक्षात येईतोवर सेटची राख झाली होती.

दिग्दर्शक सगळ्यांसमोर सुधाकरभाऊंवर ओरडला. ते टेप घेऊन रेघ शोधायला आले. त्याआधीच मी ती बुटाने पुसली होती. पाय आपोआप हलला, असं म्हणायची सोय आहे. पण नाही — मी बघून, नीट पुसली.

"मायी नजरच गेली असन," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी काम सोडून अमरावतीला परतले.

सिनेमा आला. तोच धूसर चेहरा लोकांनी डोक्यावर घेतला. मुलाखतीत विचारलं, तेव्हा मी ठोकून दिलं — मुद्दामच तसा ठेवला होता.

परवा त्यांच्या घरी गेलो. स्टुडिओ त्यांनी कधीच बंद केलाय. नजरेचा भरवसा नाही म्हणतात. ती मुलाखत त्यांनी पाहिली होती. चहाचा कप माझ्या हातात देत त्यांनी विचारलं, "मंग बाबू, तवा मायं माप चुकलं नव्हतं काय?"

किती आशेनं विचारलं होतं! 'नव्हतं भाऊ' — एवढंच तर म्हणायचं होतं. दोन शब्द. तेही जड झाले मला?

मी म्हणालो, "चुकलं होतं भाऊ. मी सावरून घेतलं."

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "लय उपकार झाले तुये," म्हणाले.

मी चहा पूर्ण प्यायलो आणि निघालो.