दोन्ही हातांनी धरलेली बादली

माझा मोठा भाऊ मनगट मोडून नौदलातून रजेवर आला, तेव्हा गावात टँकर सुरू झाला होता. आमचं गाव धारूरच्या घाटाखालचं. पावसाळ्यात कपिलधारला कोसळणारं पाणी सोडलं, तर वाहतं पाणी आम्ही पोरांनी फारसं पाहिलेलं नव्हतं. नौदल म्हणजे नेमकं काय, हेही गावात कुणाला धड माहीत नव्हतं. वर्दीत गेलेला प्रत्येक माणूस आमच्याकडे 'मेजर' असतो, तसा दादाही मेजरच. जो तो ओट्यावर येऊन बसायचा, प्लास्टरकडे टक लावून बघायचा आणि विचारायचा, "मेजर, कोन्त्या लढाईत लागलं?"

"जिन्यावरून पडलो," दादा म्हणायचा.

ऐकणाऱ्याचं तोंड उतरायचं. दादाचा एक वर्गमित्र तर वैतागलाच. "जिन्यावरून पडायला इतक्या लांब कावून गेलतास बे? आपल्या दूध सोसायटीचा जिना काय वाईट हाय?"

लोकांचा रस तिथंच संपला. माझा तिथून सुरू झाला. मला चौकशांची भारी खोड. आई त्याला भोचकपणा म्हणते. जहाजावर माणसाला काय काय लागू शकतं, हे मी दादाला रोज विचारायला लागले. मी आपली तोफा, वादळं आणि मोठाले मासे मनात धरून बसले होते. निघालं काय, तर ओली जमीन, अपुरी झोप आणि बोटातली अंगठी. अंगठी कशात अडकली की बोटच सोलून निघतं, म्हणून तिथं लग्न झालेलेही ती काढून ठेवतात. लोखंडी दार जहाज कललं की आपोआप मिटतं आणि चौकटीवर ठेवलेली बोटं चेमटतात. धक्क्याला बांधलेला दोर ताणून तुटला, तर समोर उभ्या माणसाचा पाय मोडतो. बैलाचं दावं तुटून एकदा आमच्या चुलत्यांच्या गालावर बसलं होतं, त्यामुळे हे मला लगेच पटलं.

सगळ्यात नवल मला त्यांच्या चौकशीचं वाटलं. दादा पडल्यावर एक अधिकारी आला. त्यानं बुटांचे तळ उलटे करून बघितले, पायऱ्यांवर बोट फिरवून तेल आहे का पाहिलं, आदल्या रात्री झोप झाली होती का ते विचारलं. आमच्याकडे आईनं मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली आणि ती कुणाची लागली हेही ठरवून टाकलं.

पण बूट चांगले होते. पायऱ्या कोरड्या होत्या. झोपही झाली होती. समुद्र खवळलेला होता खरा, तरी बाकीचे त्याच जिन्यानं चढत-उतरत होतेच की. मग दादाच कसा पडला? मी पिच्छाच सोडला नाही. शेवटी एकदा दुपारी तो वैतागून बोलला.

"माझ्या हातात बादली व्हती. गोड्या पाण्याची. जिन्यावर एक हात कायम कठड्याला, हे पहिल्या दिवसापासून घोटून घेतेत आमच्याकडून. जहाज कललं, पाणी सांडाया लागलं, अन् म्या कठडा सोडून दोन्ही हातांनी बादली धरली."

"मग?"

"मग काय? बादली बी गेली अन् मनगट बी."

मी हसले. तो हसला नाही. रजा संपल्यावर डॉक्टर त्याला तपासणार होते. जहाजावर परत घ्यायचं की किनाऱ्यावरच्या गोदामात बसवायचं, ते त्यावर ठरणार होतं. जहाजावर त्याचा फार जीव होता. "मनगट जुळंल गं," तो म्हणाला. "पण तिथल्या डॉक्टरनं इचारलं, पुन्हा तसंच झालं तर काय धरशील? मला सांगता आलं न्हाई. खोटं कसं सांगू? माझा हात पाण्याकडंच जातो."

मला त्या चौकशीतला न सापडलेला भाग एकदम दिसला. लहानपणी असाच एक दुष्काळ होता. दादा कळशी घेऊन येताना दगडावर आपटला, पण रक्ताळलेल्या गुडघ्यांनी भरली कळशी घेऊन घरी आला. आईनं आधी कळशीत डोकावून पाहिलं. मग त्याला जवळ घेतलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "एक थेंब सांडू दिला न्हाई माझ्या लेकरानं." त्या कौतुकावर दादा कित्येक दिवस ताठ मानेनं फिरत होता. त्याच्या बुटांत ते कुणाला सापडणार होतं?

हे सगळं मी आईला जाऊन सांगितलं. तिचं दृष्ट काढणं त्या दिवसापासून बंद झालं.

त्या वर्षी गावातली जनावरं चारा छावणीत गेली आणि आमच्या दूध सोसायटीचं संकलन थांबलं. रिकामे कॅन पडून राहण्यापेक्षा पाण्याला कामी येतील, म्हणून सोसायटीनं ते घरोघरी वाटले. चहाला दुधाचा आंबूस वास यायचा, दूध नसलं तरी. टँकर सोसायटीमागच्या विहिरीत रिकामा व्हायचा आणि सगळे पायऱ्या उतरून पाणी आणायचे. प्लास्टर निघाल्यावर दादाही छोटा कॅन घेऊन यायला लागला. उजवा हात कठड्याला, डाव्यात कॅन. कठडा न धरता भरल्या घागरी घेऊन चढणाऱ्या बायका त्याला हसायच्या.

रजा संपत आली होती. आई आणि मी विहिरीच्या काठावर उभ्या होतो. दादा अर्ध्या पायऱ्या चढून आला आणि सगळ्यांच्या सांडलवंडीनं ओल्या झालेल्या पायरीवर त्याचा पाय सटकला. पुढच्या क्षणी कॅन खणाखण आपटत खाली गेला. पाणी पायऱ्यांवरून पसरलं. दादा दोन्ही हातांनी कठड्याला लोंबकळत होता आणि स्वतःच्या हातांकडे बघत होता, जणू ते दुसऱ्याच कुणाचे आहेत.

रांगेतून ओरडा झाला. "आरं मेजर, पाणी गेलं की सगळं!"

दादाचा चेहरा शरमेनं लाल झाला होता. तो आईकडे बघायला तयार नव्हता. आईनं आपली घागर खाली ठेवली, कठडा धरून ती त्याच्यापर्यंत उतरली आणि त्याचं मनगट हातात घेऊन दाबून पाहिलं. मग सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सांडू दे. तिथं बी असंच सोडत जा."