शर्टाचं तिसरं बटण

खातेगांवाकडच्या सागवानाच्या जंगलाचे ते राखणदार. सगळे त्यांना नाकेदार म्हणत. त्यांनी मोजलेले झाडांचे घेर देवासच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर चढवायचं काम माझं. दरवर्षी तीच झाडं, छातीच्या उंचीवर टेप. उंचीची खूण म्हणून ते खाकी शर्टाचं तिसरं बटण खोडाला टेकवायचे. लांबून बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस झाडाला भेटायला आलाय.

"भिया, सागवान हवा खाऊन लाकूड बनवतं," ते सांगायचे. "जळलं की खाल्लेलं सगळं वापस. म्हणून नीट मोजायचं."

घेरावरून जंगलात किती कार्बन साठला ते काढतात. त्यांच्या जंगलात तो वर्षागणिक वाढतच होता. उन्हाळ्यात वणवे लागत, शेंडे वाळत, तरी आकडे वाढत होते. साहेब खूश होते. मीही होतो.

यंदा निवृत्तीच्या आठवड्यात ते स्वतः आले. पाठ चांगलीच वाकली होती. त्यांनी जुनं रजिस्टर मागून घेतलं.

"काय झालं, काका?"

"नाल्याकाठच्या झाडाची गाठ आधी बटणाशी यायची, भिया. या खेपेला गळ्याशी आली. गाठ तर जागची हलत नाही. मीच खाली आलो. आणि खाली खोड जाडच असतं." रजिस्टर उघडत त्यांनी विचारलं, "किती सालांचं चुकलं असेल?"

मी कॉम्प्युटरवर जुने आकडे उघडले.

उभ्याउभ्याच त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात काहीतरी लिहिलं आणि ते निघून गेले. मग मी वाचलं.

'जंगल वाढलेलं नाही. मोजणाऱ्याची पाठ वाकली आहे.'