एका आडनावाची माणसं

निपाणीहून येऊन मी बेंगळुरूजवळच्या बोम्मसंद्राच्या एका कारखान्यात रुजू झाले. पहिल्याच आठवड्यात कँटीनमध्ये एका वयस्कर फिटरने माझ्या ओळखपत्रावरचं आडनाव वाचून विचारलं, "तुम्ही त्यांच्या नात्यातल्या का?" 'ते' म्हणजे गिरणीत काम करता करता निवडून आलेले एक जुने कामगार पुढारी. मी नाही म्हटलं. पण आमचं आडनाव इथवर कुणाकुणाबरोबर आलं असेल, हा किडा डोक्यात वळवळत राहिला.

एका रविवारी चिकपेटमध्ये साडी घ्यायला गेले, तर एका दुकानावर तेच आडनाव! गल्ल्यावर सत्तरीच्या बाई होत्या. मराठी ऐकताच म्हणाल्या, "ये गं, बैस. कुलदैवत कुठलं तुमचं?"

"जोतिबा."

"आमची भवानी. सरी, ठीक आहे, म्हणजे नातं नाही. आमचे लोक पिढ्यान्‌पिढ्या इथलेच."

मी त्या पुढाऱ्यांचं विचारलं. त्या हसल्या. "त्यांच्यामुळेच तर हे दुकान!"

बाईंच्या वडिलांना तरुणपणी एका गिरणीत नोकरी लागली होती. कामावर गेले त्या सकाळी मॅनेजरने आडनाव ऐकलं आणि दारातूनच परत पाठवलं. संप करणाऱ्यांचा माणूस नको, म्हणे. नातं नाही असं परोपरीने सांगितलं, पण कोण ऐकतंय? मग खांद्यावर गठ्ठा घेऊन ते घरोघर साड्या विकू लागले.

"राग नाही आला त्यांना, अक्का?"

"स्वल्प नाही, पुष्कळ! पुढारी इथं सभेला आले तेव्हा अण्णा भांडायलाच गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, 'नातं नसताना भोगलंत. आता नातं जोडू या.' दुसऱ्या दिवशी घरी आले, बायकोसाठी साडी घेतली. मग इकडे आले की जेवण आमच्याकडेच."

"काय आवडायचं त्यांना?"

"बिसीबेळे भात. वर तूप मात्र नको म्हणायचे."

संध्याकाळी मी बाबांना फोनवर हे सांगितलं. ते म्हणाले, "आपल्या गल्लीत निम्मे लोक त्याच आडनावाचे. कुणी कधी विचारलंच नाही बघ." मग त्यांनी दुकानाचा पत्ता विचारला.

दिवाळीनंतर ते बेंगळुरूला आले आणि थेट चिकपेटला गेले. मी पोचले तेव्हा ते आणि अक्का पणजोबांपर्यंत मागे गेले होते. एकही धागा जुळला नव्हता. तरी बाबा विचारतच होते, "आणि त्याच्या आधी?"